केळीपाशी उभं राहिलेलं रेडिओ स्टेशन

एका ताईंनी विचारलं आहे: "माझा मुलगा सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन शाखेत आहे. थोड्याच दिवसांत तो संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर दक्षिण सुदानला जाणार आहे. परदेशात लष्कराचं रेडिओ स्टेशन उभं करतात म्हणजे नक्की काय करतात? तिथून गाणी-बातम्या लावतात का? कुणी हे काम स्वतः केलं असेल तर सविस्तर सांगावं."

ताई, गाण्यांपासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या आईचाही हाच समज होता. मी १९८५ साली भरती झालो आणि गोव्यात बांबोळीला सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकायला गेलो. आई साताऱ्याकडच्या आमच्या गावात सांगत सुटली, "पोरगा रेडिओ स्टेशनात लागला." लोकांना वाटलं, सांगलीच्या आकाशवाणीत. दोन-तीन जणांनी तर भक्तिगीतांची फर्माईशही पाठवली. फौजेत रेडिओ स्टेशन म्हणजे एक सेट, एक एरिअल, बॅटऱ्या किंवा जनरेटर आणि कानाला हेडफोन लावून बसलेला एक माणूस. जीपच्या मागच्या सीटवर हे सगळं मांडलं की तेही स्टेशनच. अशी चार-सहा स्टेशनं एका फ्रिक्वेन्सीवर एकमेकांशी बोलायला लागली की त्याला नेट म्हणायचं आणि त्या नेटला शिस्त लावतं ते कंट्रोल स्टेशन.

गाणी-बातम्यांचं स्टेशनही मोहिमेवर असतं, पण ते वेगळं खातं. काँगोत संयुक्त राष्ट्रांनी एका स्विस संस्थेच्या साथीनं २५ फेब्रुवारी २००२ ला रेडिओ ओकापी सुरू केला. फ्रेंच आणि तिथल्या चार मोठ्या भाषांत त्याच्या बातम्या लागतात. भाजीवाल्या बाईपासून बंडखोरांच्या नाक्यापर्यंत सगळे तो ऐकायचे आणि खरं सांगायचं तर आम्हीही ऐकायचो. मी सांगणार आहे ते मात्र आमच्या मुक्या स्टेशनबद्दल, जे नेटवरच्या माणसांखेरीज कुणाला ऐकू जाऊ नये अशीच सगळ्यांची इच्छा असते. फ्रिक्वेन्स्या आणि कॉल साइन, म्हणजे स्टेशनांची सांकेतिक नावं, सांगणार नाही. त्या केव्हाच बदलल्या असतील, तरी सवय सुटत नाही.

मी परदेशात दोनदा गेलो. पहिल्यांदा १९८८ मध्ये श्रीलंकेत, शांतिसेनेबरोबर जाफन्याला. तिथे वय कमी, अक्कलही कमी, आणि ताडाची झाडं भरपूर. ताडावर चढणारा एक जवान सोबत असला की एरिअलचा प्रश्न दहा मिनिटांत सुटायचा. तेवढ्यावर मला वाटलं होतं की आपल्याला काम येतं.

ते काम खरं शिकवलं काँगोनं. २००६ साली मी नायब सुभेदार होतो आणि आमची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर गोमाला गेली. गोमा काँगोच्या पार पूर्व टोकाला, किवू सरोवराच्या काठावर, रवांडाच्या सीमेला खेटून आहे. उंची साधारण दीड हजार मीटर. शहराच्या उत्तरेला न्यिरागोंगो हा जिवंत ज्वालामुखी. आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या तोंडात लाव्ह्याचं तळं होतं आणि रात्री ढगांना खालून लाल रंग चढायचा. पहिल्याच रात्री एका पोरानं मला हलवून उठवलं, "साब, पहाड़ में आग लगी है." त्याला म्हटलं, ती रोजचीच आहे, झोप.

त्या डोंगरानं १७ जानेवारी २००२ ला शहरात लाव्हा सोडला होता. विमानतळाच्या धावपट्टीचा उत्तरेकडचा मोठा तुकडा त्याखाली गेला आणि बाजारपेठेतून काळी नदी वाहावी तसा तो सरोवरापर्यंत पोचला. चार वर्षांनी लोकांनी त्याच दगडावर घरं बांधली होती, त्याच दगडाच्या भिंती रचल्या होत्या. आम्हाला कंट्रोल स्टेशनसाठी दिलेली नवी जागाही त्यावरच होती. सपाट, मोकळी आणि ऑपरेशन रूमच्या दारात. नकाशावर पाहणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. बूट घालून चालणाऱ्याला मात्र पहिल्या पावलालाच कळत होतं की हा दगड काचेसारखा कापतो.

तुमच्या मुलाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल की स्टेशनसाठी उंच, मोकळी, आडोशाची जागा बघावी. बरोबरच आहे. पण त्याआधी जमीन बघावी, आणि हे मी वीस वर्षं नोकरी करूनही विसरलो होतो. आपल्याकडे कुठेही रॉड ठोकला की अर्थिंग मिळतं, म्हणून तिचा विचारच करायची सवय नसते. गोमाला सहा फुटी रॉडवर घण घातला तर टण्ण आवाज झाला आणि रॉड दीड फुटावर वाकला. दुसरा ठोकला, तो आडवा झाला. तिसऱ्याला एक फट सापडली, तो अर्धा आत गेला. जमीन विजेला किती अडवते ते अर्थ टेस्टर ओहममध्ये सांगतो, आकडा जितका कमी तितका बरा. तो लावला तर चारशे ओहमच्या वर. आम्हाला हवे होते पाचाच्या आत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण जुने ऑपरेटरही यात गोंधळ घालतात. डायपोल एरिअलला, म्हणजे मधून दोन बाजूंना ताणलेल्या तारेला, सिग्नल पाठवण्यासाठी जमिनीची गरज नसते, त्याचे दोन हात एकमेकांनाच पुरे असतात. म्हणून पहिल्या दिवशी सेट मस्त वाजला आणि पोरं म्हणाली, "हो गया साब." अर्थिंग लागतं ते जनरेटरच्या करंटच्या गळतीसाठी आणि आभाळातल्या विजेसाठी. जगात सर्वात जास्त विजा पडतात अशा जागांच्या यादीत पूर्व काँगोचे डोंगर अगदी वरच्या रांगेत आहेत. उपग्रहांच्या नोंदी तसं सांगतात आणि दुपारी चारनंतर आमचे कानही तेच सांगायचे. स्टेशनचा धातूचा कंटेनर, त्यावर मास्ट म्हणजे एरिअलचा खांब, आत माणूस, खाली चारशे ओहमचा दगड. असं स्टेशन वाजत असलं तरी ते उभं राहिलं असं मी म्हणणार नाही.

आधी पुस्तकातला उपाय केला. खड्डा, मीठ, कोळसा, पाणी. खड्डा खणायला दगड फोडायचं ड्रिल लागलं आणि तीन दिवस गेले. कोळसा मात्र हवा तेवढा. तिथे त्याला माकाला म्हणतात, सगळ्या शहराच्या चुली त्यावर चालतात. चुकुडू नावाच्या लाकडी दुचाकीवर पोत्यांची उतरंड रचून पोरं उतारावरून भन्नाट येतात. हा कोळसा बराचसा विरुंगाच्या राखीव जंगलातून चोरून येतो आणि त्याच्या पैशांवर बंदूकवाले पोसले जातात, हे मला दोन महिन्यांनी कळलं. विरुंगा हे १९२५ साली झालेलं राष्ट्रीय उद्यान आहे, डोंगरी गोरिलांचं घर. कळल्यावर पोत्याकडे बघताना बरं वाटलं नाही. असो. खड्डा भरला, वर पाणी ओतलं आणि पाणी गायब. लाव्ह्याला इतक्या भेगा असतात की फुटक्या रांजणात पाणी भरल्यासारखं होतं. रीडिंग दोनशेच्या खाली येईना.

कॅम्पची भिंत रचायला एक म्हातारा गवंडी येत असे. तिकडे कारागिराला फुंदी म्हणतात. तो आमचा हा खटाटोप तीन दिवस दुरून बघत होता. चौथ्या दिवशी जवळ आला, बुटानं दगडावर ठोकलं आणि म्हणाला, "हापा मावे तू." इथे नुसते दगड. एवढी स्वाहिली मला कळत होती. त्या भाषेत चाय, चपाती, दुकान, गाडी, हिशेब, साबण हे शब्द थोडेसे उच्चार बदलून आपलेच निघतात, त्यामुळे मराठी माणूस आठवड्याभरात धीट होतो. मी विचारलं, माती कुठे? मातीला उडोंगो. त्यानं मला हाताला धरून कॅम्पच्या मागच्या खोलगट कोपऱ्यात नेलं. तिथे पाच केळी उभ्या होत्या. पानं फाटलेली, पण हिरवीगार.

मी शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या बापानं आयुष्यभर ऊस आणि केळीला पाणी दिलं. केळ कुठे जगते हे मला गवंड्यानं दाखवावं लागलं, याची आजही लाज वाटते. २००२ चा लाव्हा त्या कोपऱ्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी गेला होता आणि मधे जुनी जमीन बेटासारखी उरली होती. फावडं घातलं तर काळी, ओली, भुसभुशीत माती. रॉड हातानं ढकलला तरी दोन फूट आत जायचा.

आता प्रश्न उरला अंतराचा. केळी एका टोकाला, ऑपरेशन रूम दुसऱ्या टोकाला, मधे सत्तर-ऐंशी मीटर. एका अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की अर्थिंग तिकडे करा आणि जाड तांब्याची पट्टी इकडे ओढून आणा, कंटेनर हलवायची काय गरज? कागदावर ते बरोबर दिसतं, टेस्टरवरही रीडिंग चांगलं येईल. पण टेस्टर मोजतो सावकाश चालणारा प्रवाह. वीज पडते ती सेकंदाच्या लाखाव्या हिश्शात, आणि एवढ्या झटक्याला लांब तार भिंतीसारखी आडवी येते. मग ती वीज जवळचा रस्ता शोधते, आणि जवळचा रस्ता म्हणजे सेट आणि सेटला चिकटलेला माणूस. अर्थिंगची तार जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली, यावर मी अडून बसलो. शेवटी सीओ साहेबांनी, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरनी, एकच विचारलं, "ऑपरेशन रूममध्ये मला आवाज मिळेल ना?" म्हटलं, मिळेल. फील्ड केबल टाकून रिमोट हँडसेट तुमच्या टेबलावर देतो, सेट मात्र केळीपाशी राहील. क्रेन आली आणि कंटेनर हलला. तीन रॉडचा त्रिकोण, सभोवती तांब्याचं कडं, कंटेनरला दोन बाजूंनी जोड. रीडिंग सात. मीठ-कोळसा घातल्यावर चार.

पुढे महिन्याभरात केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. मीठ! केळीला खारं चालत नाही, हेही मला माहीत असायला हवं होतं. मग वरची खारवलेली माती काढली, नवी घातली, मीठ बंद केलं आणि नुसता कोळसा आणि रोजचं पाणी यावर भागवलं. लंगरमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, तांदूळ धुतलेलं पाणी सकाळ-संध्याकाळ तिकडे जाऊ लागलं. रीडिंग पाचाच्या आसपास राहिलं. केळी सावरल्या.

एरिअलची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्या कंपन्या, म्हणजे जवानांच्या तुकड्या, मासिसीच्या डोंगरांत पसरलेल्या होत्या. मासिसी म्हणजे पाचगणीला ताणून दुप्पट उंच केल्यासारखा मुलूख. हिरवी कुरणं, गाई, आणि बेल्जियन पाद्र्यांनी शिकवलेलं उत्तम चीज. सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर, पण मधे डोंगरच डोंगर. मोटोरोलाचे हातातले व्हीएचएफ सेट, ज्यांच्या लाटा सरळ रेषेत जातात, तिथे पहिल्या वळणाला गप्प होतात. त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीच्या एचएफवर उभी व्हिप, म्हणजे काठीसारखी एरिअल, लावली तर तिच्या लाटा खालच्या कोनात जातात, डोंगरावर आपटतात, नाहीतर डोक्यावरून उडून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. राजधानी किन्शासाला, म्हणजे दीड हजार किलोमीटरवर, छान ऐकू जाईल आणि साठ किलोमीटरवरच्या पोराला काहीच नाही.

यावर उपाय आडव्या डायपोलचा, आणि तोही मुद्दाम ठेंगणा. एरिअल जमिनीपासून सात-आठ मीटरवर ठेवला की लाटा सरळ वर जातात, आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, धडकून छत्रीसारख्या खाली पसरतात आणि डोंगर मधे येतच नाही. भर पावसात छपरावरून पागोळ्या गळाव्यात तसा सिग्नल वरून येतो. तारेची लांबी काढायचं गणित सोपं आहे. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये. ५ मेगाहर्ट्झला साधारण २८.६ मीटर. बारा मीटरचा मास्ट मी उतरवून आठ मीटरवर आणला तेव्हा बघणारे म्हणाले, साहेबांनी स्टेशन बुटकं केलं. दगडी जमीन लाटा नीट परतवत नाही, म्हणून एरिअलच्या बरोबर खाली जमिनीवर त्याच्यापेक्षा थोडी लांब अशी एक साधी तार पसरली. तिनं आवाजात फरक पडला, तो हेडफोन लावणाऱ्याला लगेच कळला. मास्टचे ताण बांधायला पिकेट, म्हणजे खुंट्या, ठोकता येईनात, तेव्हा तेलाचे रिकामे ड्रम लाव्ह्याच्या दगडांनी भरले आणि दोर त्यांना बांधले. दगडाचा तेवढा एक उपयोग झाला.

फ्रिक्वेन्सीचं वेळापत्रक मात्र तिथे आपल्यापेक्षा सोपं. दिवसा उंच, रात्री खालची, हा नियम सगळीकडे सारखाच. दिवसा आम्ही ६ ते ८ मेगाहर्ट्झमध्ये, रात्री ३ ते ४ मध्ये. पण आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात सूर्य मावळायची वेळ सरकते तशी बदलायची वेळही सरकते. गोमा विषुववृत्तापासून दोन अंशही लांब नाही. वर्षभर सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि बघता बघता अंधार. त्यामुळे बाराही महिने एकच वेळ. अडचण वेगळीच होती. रात्री खाली उतरावं लागतं आणि विजांची खरखर सर्वात जास्त खालीच असते. वर राहावं तर आवाज आकाश फोडून निघून जातो, खाली यावं तर विजा कान फोडतात. या दोहोंच्या मधली एखादी निरुंद पट्टी रोज संध्याकाळी शोधायची, हेच खरं ऑपरेटरचं काम. सूर्य बुडाल्यावर तासभर आवाज कापडासारखा फडफडायचा तो वेगळाच. सेट कुणीही चालू करतो, ताई.

सगळीच खरखर आभाळातली नसते, हे सांगून ठेवतो. रोज सकाळी साडेदहाला नेटवर करवत चालल्यासारखा आवाज यायचा, वीस मिनिटं टिकायचा आणि जायचा. आम्ही जनरेटर बदलून पाहिला, फीडर केबल बदलली, शेजारच्या तुकडीवर संशय घेतला. एकानं तर कुणी मुद्दाम जॅमिंग करतंय असा रिपोर्ट लिहायला घेतला होता. शेवटी मी छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन आवाजाच्या मागं मागं चालत गेलो आणि लंगरमध्ये पोचलो. कुकची चटणी वाटायची वेळ. मिक्सरच्या मोटरचे ब्रश झिजले होते.

माझी स्वतःची मोठी चूक वेळेची. गोमाचं घड्याळ ग्रीनिचच्या दोन तास पुढे, किन्शासाचं एकच तास पुढे. देश एक, घड्याळं दोन. भारत साडेपाच तास पुढे. पहिल्याच आठवड्यात किन्शासाबरोबरची ठरलेली वेळ मी स्थानिक घड्याळावर लावली आणि एक तास आधी बोंबलत बसलो. कुणी उत्तर देईना म्हणून एरिअल उतरवून तपासला. तो पुन्हा चढवेपर्यंत खरी वेळ होऊन गेली होती. तेव्हापासून कंटेनरमध्ये एकच घड्याळ ठेवलं, झुलू टाइमचं, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेचं, आणि बाकीची दोन उचलून ऑफिसात पाठवली. घरी फोन करायचा असेल त्यानं बोटांवर साडेपाच मिळवावेत.

आता २००६ च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. निवडणुकीची दुसरी फेरी महिन्याभरापूर्वी झाली होती आणि बंडखोर जनरल न्कुंडाच्या बाजूचं सैन्य साकेवर चालून आलं. साके गोमापासून पंचवीसेक किलोमीटरवर. मासिसीला जाणारा रस्ता तिथूनच फुटतो. आपल्या पायदळानं आणि आपल्या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांनी ते गोमाकडे येण्यापासून थोपवलं, हे तेव्हा बातम्यांत आलंच होतं. त्या लढाईच्या गोष्टी सांगणारे दुसरे आहेत. आमच्या कंटेनरमध्ये लढाई दिसत नव्हती, फक्त लोक दिसत होते. डोक्यावर गाद्या, भांडी, शेळ्या ओढत हजारो माणसं गोमाकडे चालत आली आणि आमच्या कुंपणाच्या पलीकडे रस्त्यावर बसली.

रस्ता तुटला म्हणजे डोंगरातल्या कंपन्या पलीकडे राहिल्या. त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होते. लोक विचारतात, मग रेडिओ कशाला? फोन एकाचं एकाशी बोलणं करून देतो. नेटवर एक बोलला की सगळ्यांना एकदम कळतं आणि कोण गप्प आहे तेही सगळ्यांना कळतं. कंट्रोलवर बसलेला माणूस बोलण्यापेक्षा गप्प राहणाऱ्याकडेच जास्त लक्ष ठेवतो.

एका चौकीवर यवतमाळकडचा एक पोरगा ऑपरेटर होता, विशीतला. रात्री वादळ आलं आणि त्याचं बोलणं खरखरीत बुडालं. "से अगेन, से अगेन" करून माझा घसा बसला. (फौजेत "रिपीट" म्हणत नाहीत. तोफखान्यात त्याचा अर्थ मारा पुन्हा करा असा होतो.) साध्या व्हीएचएफ सेटवर अशा वेळी बटण दाबून-सोडून खूण करता येते. एचएफवर बोलायच्या एसएसबी पद्धतीत ते जमत नाही, कारण माणूस बोलला नाही तर सेट काही पाठवतच नाही. पण शिट्टी जाते. बोलण्याची ताकद निरनिराळ्या सुरांत वाटली जाते, शिट्टीची सगळी एकाच सुरात, त्यामुळे ती खरखरीतून सुईसारखी बाहेर येते. ही युक्ती मी जाफन्यात एका जुन्या हवालदाराकडून शिकलो होतो आणि गोमाला पोचल्यावर सगळ्या पोरांकडून सराव करून घेतला होता. तेव्हा पोरं हसली होती. एक लांब म्हणजे ठीक, दोन आखूड म्हणजे बोलायचं आहे, तीन म्हणजे संकट. शिट्टी दुसराही कुणी वाजवू शकतो, म्हणून अर्थ रोज बदलायचा.

त्या रात्री आठपासून पहाटे पाचपर्यंत दर अर्ध्या तासाला मी प्रश्नाची शिट्टी द्यायचो आणि तिकडून एक लांब शिट्टी यायची. एकूण एकोणीस. दोनदा ती यायला उशीर झाला. एकदा सेकंद मोजता मोजता मी चाळीसपर्यंत पोचलो. सकाळी आभाळ निवळल्यावर त्याचा आवाज आला तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, ओठ सुजले." नेटवर मराठी बोलायची परवानगी नाही. मी ऐकलंच नाही असं केलं.

त्याच रात्री कॅम्पच्या मागच्या भिंतीजवळ वीज पडली. कंटेनरमधला दिवा गेला, कानात शीळ घुमली, पण हेडफोन माझ्या कानावरच होते आणि सेट शाबूत होता. मेन स्विच पुन्हा वर केला आणि अर्ध्या तासानं पुढची शिट्टी वेळेवर दिली. जुन्या जागेवर असतो तर काय झालं असतं हे मी कुणाला समजावून सांगत बसलो नाही, आणि त्या अधिकाऱ्यांनीही विचारलं नाही. नंतर तपासणीला आलेल्या एका साहेबांनी लॉग, म्हणजे नेटची नोंदवही, उघडला आणि विचारलं, हे डब्ल्यू-एल, डब्ल्यू-एल काय लिहिलंय? म्हटलं, व्हिसल, लाँग. त्यांनी सही केली.

तपासणीवरून आठवलं. मोहिमेवर आपली उपकरणं आपणच नेतो आणि चालू ठेवतो, त्याबदल्यात संयुक्त राष्ट्रं देशाला ठरलेल्या दरानं पैसे देतात. दर तीन महिन्यांनी त्यांचं पथक येऊन प्रत्येक सेट, जनरेटर, गाडी चालू आहे का ते बघतं. बंद पडलेल्या वस्तूचे पैसे कापले जातात. त्यामुळे तुमच्या मुलाला कागदपत्रांचा कंटाळा असेल तर तो इथेच सोडून जायला सांगा.

दक्षिण सुदानची जमीन माझ्या गोमाच्या बरोबर उलटी. बऱ्याच भागात आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखी काळी चिकण माती. पावसाळ्यात रॉड लोण्यात जावा तसा जाईल आणि रीडिंग इतकं सुंदर येईल की पोरगा खूश होईल. फसू नये. कोरड्या दिवसांत तीच माती फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रॉड मातीला सोडून नुसता उभा राहतो. म्हणून अर्थिंग ऑगस्टमध्ये न मोजता फेब्रुवारी-मार्चमध्ये मोजावं, रॉड जास्त खोल घालावेत आणि पाणी रोज द्यावं. पावसाळ्यात तीच माती फुगून मास्टचे ताण ढिले करते, तेव्हा दर पावसानंतर दोर हातानं ओढून बघावेत. मुलूख सपाट असल्यामुळे व्हीएचएफ गोमापेक्षा लांब जाईल, पण अंतरं फार आहेत आणि पाण्यानं रस्ते बंद होतात, तेव्हा एचएफचा ठेंगणा डायपोल बांधायचा हात बसलेला असावा. घड्याळाचंही सांगतो. दक्षिण सुदाननं १ फेब्रुवारी २०२१ ला आपली वेळ एक तास मागे घेतली. जुन्या कागदांवर भारताशी फरक अडीच तासांचा दिसेल, आता तो साडेतीन आहे. मी ज्या खड्ड्यात पडलो त्यात त्यानं पडू नये.

बॅगेत स्वतःचे चांगले हेडफोन, छोटी सोल्डरिंग इस्त्री, इन्सुलेशन टेपची पाच-सहा रिळं आणि नायलॉनची बारीक दोरी असावी. सरकारी मिळतं, पण लागेल तेव्हा ते दुसऱ्याच पेटीत असतं. तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद्या स्थानिक गवंड्याशी किंवा शेतकऱ्याशी ओळख करून घ्यावी. आणि आधीच्या तुकडीकडून ताबा घेताना यादीतला प्रत्येक नग हातात धरून बघावा, बिनमहत्त्वाचा वाटला तरी.

मी ताबा दिला तेव्हा यादी अकरा पानांची झाली होती. सेट, बॅटऱ्या, चार्जर, मास्टचे तुकडे, दगड भरलेले ड्रमसुद्धा. नवे सुभेदार साहेब प्रत्येक ओळीवर टिक करत आले. शेवटच्या पानावर मी पेनानं एक ओळ वाढवली होती: केळी, नग पाच, रोज दोन बादल्या पाणी. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. मी त्यांना कंटेनरच्या मागं घेऊन गेलो. त्यातल्या एकीला घड लागला होता.